मग खेळतोस कशाला?

‘हेलो: रीच’ या गेमच्या शेवटी आपण मरतो. हा स्पॉयलर नाही. गेम सुरू होतानाच पहिल्या दृश्यात जळालेली जमीन दिसते, वर धुराचं आभाळ, आणि समोर एक हेल्मेट पडलेलं. त्याच्या काचेला भोक. मग दृश्य बदलतं आणि तेच हेल्मेट धडधाकट अवस्थेत एका सैनिकाच्या हातात दिसतं. तो ते डोक्यावर चढवतो. तो सैनिक म्हणजे आपण. कंट्रोलर हातात घेऊन दोन मिनिटं व्हायच्या आत गेमनं सांगून टाकलेलं असतं, की तुझं काय होणार आहे ते आम्ही दाखवलं, आता खेळ.

मी हा गेम पहिल्यांदा संपवला तो २०११च्या दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा मी बारावीत होतो. आतेभाऊ नोकरीसाठी दुबईला गेला आणि जाताना त्याचा एक्सबॉक्स आमच्याकडे ठेवून गेला. घरात टीव्ही एकच, तोही हॉलमध्ये. त्यामुळे आईच्या मालिका संपल्या आणि लोडशेडिंग नसलं तरच माझा नंबर लागायचा. त्या रात्री अण्णा दुसऱ्या पाळीवरून आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. हातपाय धुऊन, ताट घेऊन ते माझ्या मागे दिवाणावर बसले आणि जेवता जेवता बघत राहिले. गेम शेवटाला आला होता. माझा सैनिक पडला.

“हरलास?”

“नाही अण्णा. हे असंच संपतं.”

“म्हणजे? कितीबी चांगलं खेळलं तरी?”

“हो.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि मान वर न करता विचारलं, “मग खेळतोस कशाला?”

मी काहीतरी बोललो असेन. ग्राफिक्स भारी आहेत वगैरे. ते हसले आणि ताट ठेवायला आत गेले.

*

ज्यांनी हेलो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ सव्वीसाव्या शतकाचा. माणसं पृथ्वी सोडून अनेक ग्रहांवर जाऊन राहिली आहेत. २५२५ साली त्यांची गाठ ‘कव्हेनंट’शी पडते. कव्हेनंट म्हणजे परग्रहावरच्या अनेक जमातींची धर्माच्या नावानं बांधलेली युती. त्यांच्या लेखी माणूस नावाची जात शिल्लक राहणं हेच पाप आहे. एकेक करत ग्रह पडत जातात. २५५२मध्ये पाळी येते रीचची. रीच म्हणजे माणसांचा पृथ्वीखालोखाल मोठा गड. सगळ्यात मोठे लष्करी तळ तिथं, जहाजं तिथं बांधली जातात, आणि ‘स्पार्टन’ हे खास सैनिक तिथंच तयार होतात.

या ग्रहाची जन्मकथा उलटी आहे. पहिला हेलो गेम नोव्हेंबर २००१मध्ये आला, तेव्हा रीच हे फक्त एक नाव होतं. गेमच्या सुरुवातीलाच एक जहाज कुठूनतरी जीव वाचवून पळालेलं असतं. ते जिथून पळालं, तो रीच. त्याच्या काही दिवस आधी एरिक नायलंड यांची ‘द फॉल ऑफ रीच’ ही कादंबरी आली. म्हणजे पुस्तकाच्या नावातच ग्रह पडला. ‘बंजी’ या कंपनीनं सप्टेंबर २०१०मध्ये जेव्हा रीचवरच अख्खा गेम काढला, तेव्हा तो ग्रह वाचणार नाही हे जुन्या खेळणाऱ्यांना नऊ वर्षं माहीत होतं.

अवकाशातल्या युद्धांच्या गोष्टींत ग्रह मारणं तसं स्वस्त असतं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये आल्डरान नावाचा अख्खा ग्रह काही सेकंदांत उडवला जातो. एक प्रकाशाचा झोत, एक स्फोट, आणि गोष्ट पुढे. तिथं कोण राहत होतं, सकाळी काय खात होतं, काही कळत नाही. आल्डरानचे डोंगर चित्रपटात थोडा वेळ तरी दिसले ते थेट २००५मध्ये, म्हणजे ग्रह उडाल्यानंतर २८ वर्षांनी.

रीच बनवणाऱ्यांनी ही चूक केली नाही. पहिल्या लेव्हलला आपण शहरात नसतोच. डोंगराळ भाग, विखुरलेली शेतकऱ्यांची घरं, गोदामं, ढगाळ हवा. एक दळणवळण केंद्र अचानक बंद पडलंय, त्याचा तपास करायचा. सगळ्यांना वाटतं, बंडखोरांचं काम असणार. आवारात मोआ पक्षी फिरत असतात. मोआ म्हणजे न्यूझीलंडचा शहामृगासारखा, पंख नसलेला मोठा पक्षी. खऱ्या जगात तो माणसांनी शिकार करून कधीच संपवला. रीचवर मात्र तो जिवंत आहे. पुढे एका ठिकाणी घाबरलेलं एक शेतकरी कुटुंब भेटतं आणि ते लोक हंगेरियन बोलतात. आपल्या टीममधला जॉर्ज नावाचा धिप्पाड स्पार्टन त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलतो. तो मूळचा रीचचाच.

हे हंगेरियन काय प्रकरण आहे म्हणून मी तेव्हा सायबर कॅफेत जाऊन शोधलं होतं. बंद पडलेल्या केंद्राचं नाव विशेग्राद. विशेग्राद हे हंगेरीत डॅन्यूब नदीच्या वळणावरचं खरं गाव आहे, तिथं जुना किल्ला आहे. शेवटच्या लढाया जिथं होतात ते असोद, तेही हंगेरीतलं खरं गाव. म्हणजे कधीतरी तिकडून गेलेल्या माणसांनी नव्या ग्रहावर आपल्या गावांची नावं ठेवली असणार. मला हे फार आवडलं होतं. लोक इतक्या लांब गेले आणि जाताना गावाचं नाव तेवढं सोबत घेऊन गेले.

ज्या ताऱ्याभोवती रीच फिरतो तो तारासुद्धा खरा आहे. एप्सिलॉन एरिडानी. पृथ्वीपासून साधारण साडेदहा प्रकाशवर्षं लांब, आपल्या सूर्यापेक्षा थोडा लहान, थोडा थंड, आणि वयानं खूपच तरुण. १९६०मध्ये फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञानं परग्रहावरून कोणी रेडिओ संदेश पाठवतंय का हे ऐकायला पहिल्यांदा दुर्बीण रोखली, तेव्हा त्यानं निवडलेल्या दोन ताऱ्यांपैकी हा एक होता. काहीच ऐकू आलं नाही. हा तारा साध्या डोळ्यांना दिसतो. तो ज्या समूहात आहे त्याला आपल्याकडे यमुना म्हणतात. थंडीत रात्री मृग नक्षत्र वर आलं की त्याच्या पायाशी ठळक निळसर-पांढरा राजन्य दिसतो. तिथून पश्चिमेला मंद ताऱ्यांची जी नागमोडी ओळ जाते, ती यमुना. मी हे सगळं अण्णांना गच्चीवर दाखवलं होतं. ते म्हणाले, “लई बारीक हाय.”

*

गेममध्ये आपल्या टीमचं नाव ‘नोबल’. सहा जण. आपण सहावे, म्हणून आपलं नाव नुसतं सिक्स. एकेक माणूस जातो, आणि प्रत्येकाचं जाणं वेगळ्या तऱ्हेचं.

जॉर्जचं जाणं बघून पहिल्यांदा राग येतो. ग्रहावर येऊन ठेपलेलं कव्हेनंटचं एक अवाढव्य जहाज उडवायचं असतं. बॉम्ब तयार होतो, पण ऐन वेळी टायमर नादुरुस्त. कोणीतरी मागे थांबून हातानं उडवावा लागणार. जॉर्ज सिक्सला जहाजातून बाहेर ढकलतो आणि स्वतः थांबतो. जहाज खलास. आपण रीच वाचवला, याच समजात तो जातो. आणि पुढच्या काही क्षणांत तशीच आणखी जहाजं आकाशात येऊन उभी राहतात. एक नाही, अख्खा ताफा.

कॅट तर बोलता बोलता जाते. धावपळ चालू आहे, ती काहीतरी सांगतेय, आणि कुठूनतरी आलेली एक गोळी डोक्यात. शेवटचं वाक्य नाही, कोणाच्या मांडीवर डोकं नाही. पहिल्यांदा खेळताना मला वाटलं, गेमच अडकला.

ज्या शहरात ती जाते ते शहर नंतर वरून जाळलं जातं. कव्हेनंटच्या या प्रकाराला गेममध्ये ‘ग्लासिंग’ म्हणतात. आकाशातून इतकी उष्णता ओतायची की खालची माती वितळून काच व्हावी. ही कल्पना पूर्ण हवेतली नाही. १६ जुलै १९४५ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा तिथली वाळू वितळून तिची हिरवट काच झाली होती. तिला ट्रिनिटाइट म्हणतात. रीचवर तसं सगळ्या ग्रहाचं होतं.

मग उरलेल्यांवर एक काम येतं. डॉक्टर हॉल्सी नावाच्या शास्त्रज्ञ बाई सिक्सच्या हातात एक पॅकेज देतात. त्यात कोर्टाना या संगणकीय बुद्धीचा एक भाग आहे, आणि पुढे माणसं हे युद्ध जिंकणार आहेत ती तिच्या जोरावर. ग्रह आता वाचत नाही. पण हे पॅकेज असोदच्या यार्डात उभ्या असलेल्या जहाजापर्यंत पोचवायचं. ते पोचवताना कार्टर जातो, एमिल जातो. सिक्स पॅकेज देतो आणि जहाजाचा मार्ग मोकळा राहावा म्हणून तोफेवर मागे थांबतो. जहाज उडतं. हेच ते २००१च्या गेममधलं पळून आलेलं जहाज.

असोदचं ते यार्ड जुनी जहाजं तोडायचं आहे. ही लेव्हल खेळताना एकदा अण्णा बघत होते. गंजलेले सांगाडे, लटकणारे पत्रे, क्रेन. ते म्हणाले, “हे आमचं वर्कशॉप हाय काय?”

*

मार्च २०१४मध्ये अण्णांचे डोळे पिवळे दिसायला लागले. सगळ्यांनी कावीळ म्हटलं. एकानं झाडपाल्याचं औषध देणारा माणूस सुचवला. तिथं आठ दिवस गेले. मग मिरजेला दाखवलं, सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी ताईला आणि मला बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ अशा ठिकाणी आहे की काढता येणार नाही. पित्ताची नळी मोकळी करायला स्टेंट टाकू, केमो देऊ, त्यानं थोडा काळ मिळेल, त्रास कमी होईल. बरं होण्याची भाषा त्यांनी कुठंच वापरली नाही.

अण्णांना सांगायचं की नाही यावर घरात दोन दिवस कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं. “इंजिनच बसलंय का?” ताई रडायला लागली. त्यांना उत्तर मिळालं.

पुढचे चार-पाच महिने मी माझ्या आयुष्यात बघितलेले सगळ्यात कामाचे महिने होते. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. दर शनिवारी पुण्याहून यायचो तेव्हा काहीतरी नवं उरकलेलं असायचं. अण्णांनी आईला एटीएमला नेलं. पहिल्यांदा स्वतः काढून दाखवले, दुसऱ्यांदा तिला काढायला लावले, तिसऱ्यांदा स्वतः बाहेर पायरीवर बसून राहिले. गॅस फोनवरून बुक करायला शिकवला. पॉलिसीवरची, बँकेतली वारसांची नावं तपासली. मोटरची वायरिंग बदलली, टाकीचा बॉलकॉक बदलला. नळाखालचा वायसर कुठं मिळतो आणि कोणत्या मापाचा लागतो ते मला लिहून घ्यायला लावलं. हे सगळं एका हिरव्या प्लास्टिकच्या फायलीत. प्रत्येक कागदावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: हे कशाचं, कुणाला भेटायचं, कधी भरायचं.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी ती फाईल माझ्या हातात दिली. “सगळं हाय यात. एकदा बघून घे, काय कळंना तर आत्ताच इचार.”

मी बसून एकेक कागद बघितला. विचारायला काही उरलं नव्हतं.

मला तेव्हाच रीच आठवला होता. पॅकेज, जहाज, हवाली करणं. आठवल्याची लाजही वाटली होती. घरात हे चाललंय आणि याला व्हिडिओ गेम सुचतोय. पण मनात येतं त्याला काय करणार. वीस वर्षांच्या मुलाकडे मरणाबद्दल जे काही साहित्य होतं, त्यात तो गेम सगळ्यात वरचा होता. घरात ज्ञानेश्वरी होती, पण मी ती उघडलेली नव्हती.

*

फाईल दिल्यानंतर अण्णा १९ दिवस होते.

ग्रह पडला, पण पॅकेज पोचलं. बलिदान, त्यातून पुढचा विजय. गेमबद्दल बहुतेक लोक हीच गोष्ट सांगतात, आणि गेमच्या शेवटी हॉल्सीचा आवाजसुद्धा साधारण हेच सांगतो, की तुमच्यामुळे आम्ही उरलो. मलाही बरीच वर्षं हीच गोष्ट पुरली. अण्णांनी फाईल दिली आणि गेले, असं मी मित्रांना सांगायचो. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं, मलाही बरं वाटायचं.

पण ते तसं झालं नव्हतं. अण्णा फाईल दिल्यावर लगेच गेले नाहीत. मधे १९ दिवस होते. त्या दिवसांचं या गोष्टीत काय करायचं, हे मला कळत नव्हतं, म्हणून मी ते गाळत होतो.

गेमनं मात्र ते गाळलेले नाहीत. जहाज उडून गेल्यावर, पडद्यावर नावं येऊन गेल्यावर, एक शेवटची लेव्हल सुरू होते. नाव ‘लोन वुल्फ’. सिक्स एकटा, चारी बाजूंनी पडक्या इमारती आणि राख. कोपऱ्यात गेम आपल्याला काम सांगतो. आतापर्यंत तिथं अमुक ठिकाणी जा, तमुक नष्ट कर असं काहीतरी असायचं. आता एकच शब्द: तगून राहा.

कुठपर्यंत, ते सांगत नाही. कारण कुठपर्यंतच नसतं. शत्रू येत राहतात. इतस्ततः थोडी हत्यारं, औषधाच्या पेट्या पडलेल्या असतात, त्यामुळे हुशारीनं खेळलं तर बराच वेळ काढता येतो. काही कोपऱ्यांत आपल्यासारखेच दुसरे स्पार्टन मरून पडलेले दिसतात. मार लागत जातो तसे हेल्मेटच्या काचेला तडे जातात आणि आपण त्या तड्यांमधूनच बघत खेळतो. सुटका करायला कोणी येत नाही. करण्यासारखं काम झालेलं आहे. ज्यांच्यासाठी केलं ते निघून गेलेत. आता जे चाललंय त्याचा कुणाला काही उपयोग नाही.

ते १९ दिवस असे होते. केमो थांबवला होता. मी कॉलेजला सुट्टी टाकून घरी आलो होतो. अण्णांचा पलंग हॉलमध्ये आणला, कारण त्यांना दाराकडे तोंड करून पडायचं होतं. ते तर काहीच करत नव्हते. रोज सकाळी दाढी करायला लावायचे. एक दिवस अर्धं सीताफळ खाल्लं आणि त्याच्या बिया मोजल्या. पेपर वाचून दाखवायला सांगायचे आणि मध्येच झोपायचे. दुखायचं तेव्हा भिंतीकडे तोंड करायचे. पंखा आवाज करतोय म्हणून मला स्टुलावर चढवलं आणि खालून सांगत राहिले, तो स्क्रू नाही, त्याच्या शेजारचा. वर्कशॉपमधली माणसं भेटायला यायची, कुणाची बदली झाली, कोणत्या गाडीचं काय झालं ते सांगायची. अण्णा ऐकायचे. एकदा मध्येच म्हणाले, “त्या गाडीचे पाटे बघा, पाटे.” कोणती गाडी ते मला कळलं नाही. त्यांना कळलं.

एका रात्री झोप येईना तेव्हा म्हणाले, “ते लाव बघू तुझं. ते मरायचं.”

मी विचारलं, “कुठलं?”

“तेच रे. कितीबी खेळलं तरी हरतो ते.”

मी एक्सबॉक्स जोडला. आवाज बारीक केला, आई आत झोपली होती. ‘लोन वुल्फ’ लावलं. दहाएक मिनिटं ते नुसते बघत होते. मग म्हणाले, “डावीकडनं आला बघ.” खरंच आला होता. मी वळलो. थोड्या वेळानं, “मागं, मागं.” मग, “आरं त्या भिंतीला टेकून ऱ्हा की, उघड्यावर काय फिरतोस.” मी भिंतीला टेकून राहिलो. मी तोपर्यंत ती लेव्हल बऱ्याचदा खेळलो होतो, पण इतका वेळ कधी टिकलो नव्हतो. काचेला तडे गेले होते, तरी चाललं होतं. मध्ये एकदा ते हसले. कशाला ते आठवत नाही.

मग बराच वेळ मागून काही आवाज आला नाही. वळून बघितलं तर त्यांना झोप लागली होती. मी गेम थांबवला आणि तसाच बसून राहिलो. बंद करावासा वाटला नाही, पुढे खेळावासाही वाटला नाही. पहाटे कधीतरी लाइट गेली आणि टीव्ही आपोआप बंद झाला.

अण्णा त्यानंतर सहा दिवसांनी गेले. दिवसा, जेवणाच्या वेळी, आम्ही सगळे घरात असताना.

*

नंतर बरीच वर्षं मी गेमला हात लावला नाही. एक्सबॉक्स आतेभावानं परत नेला. डिसेंबर २०१९मध्ये रीच कॉम्प्युटरवर आला. पुण्याच्या खोलीवर एका शनिवारी मी तो लॅपटॉपवर उतरवला. पहिल्या लेव्हलला ते मोआ पक्षी दिसले, ढगाळ डोंगर दिसले, जॉर्ज त्या शेतकऱ्यांशी हंगेरियनमध्ये बोलला. यावेळी मी तिथं बराच वेळ घालवला. घरांच्या मागे जाऊन बघितलं. पहिल्यांदा खेळताना मला लढायची घाई होती. ज्या जागेसाठी लढायचं ती बघायला मी थांबलो नव्हतो.

आणि खेळता खेळता मला एक जुनी गोष्ट आठवली. मी सातवी-आठवीत असेन. शाळेला सुट्टी, म्हणून अण्णांबरोबर वर्कशॉपला गेलो होतो. एक फार जुनी लाल गाडी उभी होती, पत्रा जागोजागी ठिगळ लावलेला. शेजारचा माणूस म्हणाला, ही पुढच्या महिन्यात मोडीत निघणार. अण्णा तिच्या खाली आडवे होऊन ग्रीस भरत होते, अगदी नव्या गाडीला भरावं तसं, एकेक जागा पुसून. मी खाली वाकून विचारलं, “अण्णा, ही भंगारात जाणार ना? मग कशाला?”

खालून आवाज आला, “उद्या सकाळी सहाची फेरी हिलाच हाय.”

दोघांनी एकमेकांना एकच प्रश्न विचारला होता. मी आधी, त्यांनी नंतर. त्यांनी मला उत्तर दिलं होतं, आणि मला ते त्यांच्या वेळी देता आलं नाही. पण त्या रात्री डावीकडनं आला बघ म्हणत होते तेव्हा त्यांना ते उत्तर कुणाकडून ऐकायची गरज होती, असं मला वाटत नाही.

त्यांच्या आजारपणातून काही साध्य झालं, असं मी आता म्हणत नाही. रीच पडल्यामुळे माणूसजात वाचली, हे गेम लिहिणाऱ्यांच्या हातात होतं. आमच्याकडे तसं लिहिणारं कोणी नव्हतं. ते ५६व्या वर्षी गेले, निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि ते जायला नको होते. फाईलमधले कागद सगळे मार्गी लागले, त्यातला एकही युद्ध जिंकायच्या कामाचा नव्हता. पण ते १९ दिवस मी आता गाळत नाही. कुणी विचारलं तर मी सीताफळापासून सांगतो.

*

एक हिशोब मात्र मी केला होता, तो सांगून थांबतो.

एप्सिलॉन एरिडानीचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेदहा वर्षं लागतात. अण्णा ऑक्टोबर २०१४मध्ये गेले. म्हणजे साधारण एप्रिल २०२५पर्यंत तो तारा बघितला तर दिसणारा उजेड अण्णा असताना निघालेला. एप्रिलमध्ये यमुना संध्याकाळीच पश्चिमेला बुडते, तेव्हा नीट बघायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच. मी जानेवारी २०२५मध्ये दोन दिवसांसाठी सांगलीला गेलो. रात्री गच्चीवर चढलो. गावात आता उजेड फार झालाय, मृग लगेच सापडला, राजन्य सापडला, यमुनेला वेळ लागला. मोबाइल खिशात ठेवून, डोळे अंधाराला सरावल्यावर ते टिपूस दिसलं. त्यातला उजेड जुलै २०१४चा. त्या जुलैत अण्णा मोटरची वायरिंग बदलत होते.

खालून आईनं हाक मारली. टाकी भरून वाहायला लागली होती, बॉलकॉक परत गेला होता. मी मोबाइलच्या टॉर्चवर हिरवी फाईल काढली. माप लिहिलेलं होतं. दुकान सकाळी उघडणार होतं. मी आत्तापुरती तार बांधून ठेवली आणि पाणी थांबलं.